आडवी भेग

माझा भाऊजींवर काडीचा विश्वास नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते बांधकामाचे ठेकेदार. ताईच्या नव्या पाळणाघराची खोली त्यांनीच दुरुस्त करून दिली. मी व्हिडिओ शूटिंगवाला, म्हणून सामान लावायच्या आधी ताईने मला खोलीची टेप करायला सांगितली. माझ्या दुकानात मोठ्या टीव्हीवर बघतो तर काय, छताखालच्या तुळईवर केसाएवढी आडवी भेग! पंधरा फूट उंचावर, खालून नुसत्या डोळ्यांना दिसायचीच नाही.

"तुझ्या कॅमेऱ्यात दोष असेल," भाऊजी म्हणाले.

महिन्याने पुन्हा शूट केलं. भेग गायब.

झालं, माझं डोकंच फिरलं. ताईसमोर विचारलं, "गुपचूप पुट्टी फासून मोकळे झालात ना?"

"अरे, शिडीसुद्धा लावली नाही मी तिथे!"

"चेहरा बघा, कसा चोरासारखा झालाय."

ताई भडकली. "भेग आहे म्हणून ओरडलास, आता नाही म्हणून ओरडतोस. बास झालं तुझं!" सोमवारी तिने पाळणाघर सुरू केलं. चौदा पोरं आली.

मी मात्र हट्टाला पेटलो होतो. मंगळवारी सकाळी दोन टीव्हींवर दोन्ही टेप लावल्या आणि पुट्टीचा डाग शोधत बसलो. डाग काही सापडेना. मग नजर खिडकीवर गेली. पहिल्या टेपमध्ये खिडकीच्या आडव्या पट्ट्या एकेक मोजता येत होत्या. दुसरीत सगळी राखाडी गिचमीड. शेजारची उभी वायर मात्र दोन्हीकडे लख्ख. आता खिडकीला भाऊजी कशाला पुट्टी लावतील?

कॅमेरा उचलून पाहिला. बटण 'फ्रेम'वर! दोन शूटच्या मधल्या काळात, फोटो काढायला मीच सरकवलं होतं. नेहमीच्या मोडमध्ये कॅमेरा आधी एकाआड एक ओळी टिपतो, मग उरलेल्या. चित्र थांबवलं की हलणाऱ्या माणसाला कंगव्यासारखे दात फुटतात. 'फ्रेम'मध्ये दात जातात, फोटो छान निघतात, पण माझ्या या जुन्या कॅमेऱ्यात बारीक आडव्या रेघाही त्याबरोबर पुसल्या जातात.

म्हणजे भाऊजी खरं बोलत होते. तुळईला कुणी हातच लावला नव्हता. हा माणूस खोटारडा निघाला असता तर किती बरं झालं असतं! भेग तिथेच होती, आणि खाली चौदा पोरं!

ताईला फोन केला. "परत सुरू झालास?" म्हणून तिने आपटला. मग भाऊजींना लावला, ते पाळणाघराजवळच कामावर होते. "भाऊजी, चूक माझी. भेग तशीच आहे. पोरांना बाहेर काढा!"

पलीकडून फोन कट झाला. मी धावत सुटलो.

पोहोचलो तेव्हा चौदाही पोरं अंगणात होती, काही अनवाणीच. शेवटचं भाऊजींच्या कडेवर होतं. आत तुळईवरून गिलाव्याचा हातभर तुकडा सतरंजीवर पडला होता.

"ताईने ऐकलं नाही," मला धाप लागली होती. "तुम्ही कसं ऐकलंत?"

भाऊजींनी पोराला खाली ठेवलं. "पंधरा वर्षांत तुझ्या तोंडून 'चूक माझी' कधी ऐकलं नव्हतं रे. म्हटलं, आता काहीतरी भयंकरच असणार."