टॉन्सिलचा काप निळाच राहिला

मित्रांनो, मी टॉन्सिलचा एक जुना ठोकळा आहे. कोवलमच्या एका मुलीच्या घशातून मला काढले, फॉर्मॅलिनमध्ये मुरवले आणि मेणात बसवले. तेव्हा मी बोटभर जाड होतो. आता नखाएवढा उरलो आहे. चेन्नईतील एका प्रयोगशाळेचा ड्रॉवर हे माझे घर.

माझे काम साक्षीदाराचे. गाठीतील किती पेशी वाढत आहेत हे पाहण्यासाठी तिचा पातळ काप काचेवर घेतात आणि त्यावर वाढत्या पेशींनाच चिकटणारी अँटिबॉडी घालतात. वाढणारी पेशी तपकिरी होते, बाकीच्या निळ्या राहतात. त्याच काचेवर माझाही काप असतो. माझ्यात वाढत्या पेशी भरपूर आहेत, म्हणून मी तपकिरी व्हायलाच हवे. नाही झालो, तर चाचणी चुकली.

पूर्वी माझा काप रोज सकाळी ताजा घेत. डॉक्टर प्रमोदिनी सूक्ष्मदर्शकातून पाहून म्हणत, "आज आपला टॉन्सिल झळकतोय." मला बरे वाटे. पुढे काम वाढले. तंत्रज्ञ राजगोपाल यांनी पोंगलच्या सुटीआधी माझे शंभर काप एकदम करून काचांवर लावून ठेवले.

जुलैच्या अखेरीस, आडी महिन्यात, अंबत्तूरच्या तुळसी नावाच्या शिक्षिकेची स्तनातली गाठ आली. वाढ कमी निघाली तर नुसत्या गोळ्या, जास्त निघाली तर केमो. अहवाल दुपारी चारला द्यायचा होता. तिचा भाऊ शेषाद्री बाहेर बाकावर बसला होता.

तीन वाजता डॉक्टरांनी काच पाहिली. तुळसीच्या शंभर पेशींत तीनच तपकिरी. चांगली बातमी. मग त्यांनी काच सरकवली आणि त्या थांबल्या.

"राजगोपाल, टॉन्सिल निळा आहे."

"जुना काप, डॉक्टरम्मा. सहा महिने झाले. फिका पडणारच."

"मग तिची गाठ तरी खरं बोलतेय कशावरून?"

"गाठीचा काप आजचाच आहे. तो भाऊ चार वेळा विचारून गेला. किती थांबवायचं?"

"थांबू दे. शिव्या मला देईल."

मला तोंड नाही, फक्त रंग आहे. तो जुना म्हणून खोटा ठरवला असता, तर तुळसी गोळ्या घेऊन निश्चिंत घरी गेली असती.

राजगोपालनी मला यंत्रावर चढवले. "हा फार उरला नाही," ते पुटपुटले.

"उरलाय तेवढा कापा."

डॉक्टर बाहेर गेल्या. "आज सातला या."

"म्हणजे वाईट आहे का, मॅडम?" शेषाद्रीने विचारले.

"म्हणजे अजून माहीत नाही."

फॉर्मॅलिनने आवळलेल्या पेशी मोकळ्या होऊन अँटिबॉडी त्यांना चिकटावी म्हणून काचा आधी कुकरमध्ये तापवतात. राजगोपालनी कुकर चढवला, तर वाफ बाजूने फुसफुसत निघाली. त्यांनी झाकण उघडून रबराला बोट लावले.

"अय्यो. रिंग सैल आहे. सकाळी वाफ धरलीच नसणार."

त्यांनी नवी रिंग बसवली. माझा आणि तुळसीचा नवा काप असलेली काच पुढचे तीन तास कुकरमधून आणि अँटिबॉडीतून गेली.

संध्याकाळी मी गडद तपकिरी झालो. माझ्या शेजारी तुळसीच्या शंभर पेशींत एकेचाळीस तपकिरी होत्या. कोणाला आनंद झाला नाही. पण डॉक्टरांनी खरा आकडा लिहिला आणि केमो वेळेवर सुरू होणार हे ठरले. पुन्हा वयाची सबब नको म्हणून राजगोपालनी पोंगलपासूनचे उरलेले काप स्वतःच्या हाताने टाकून दिले.

मित्रांनो, माझे आता दहा-बारा कापच निघतील. माझ्या जागी दुसरा टॉन्सिल येईल. त्याला जपा, पण कामापुरता ताजा कापा. तो निळा राहिला, तर त्याच्या वयाला दोष देण्याआधी स्वतःचा कुकर तपासा. तोवर बाहेर बसलेल्या माणसाला थांबवा.