तिनं धरून ठेवलेला एक

बातमी आली त्या मंगळवारी माझी किंमत एक होती. आजही एकच आहे.

मी एक आकडा बोलतोय. संगणकाच्या अगदी आत, ज्याला इथले लोक कर्नल म्हणतात, तिथे मेमरीचा एक तुकडा आहे. त्याच्या माथ्यावर माझी जागा. तुकडा सामाईक. जो प्रोग्राम तो वापरायला घेतो तो मला एकनं वाढवतो, काम झालं की एकनं कमी करतो. मी शून्य झालो की समजायचं, शेवटचा वापरणाराही उठला. मग तुकडा मोकळा होतो आणि त्याची जागा दुसऱ्या कामाला मिळते. मीही सुटतो.

माझ्या तुकड्यात टेबलावरच्या मायक्रोफोननं टिपलेला आवाज असतो, जेमतेम चार सेकंदांचा. हा माझा सख्खा शेजारी, आणि जन्मापासून मी त्याच्यावर जळतो. जो येतो तो त्याच्यासाठी येतो. त्याला ऐकतात, वाखाणतात, जपून ठेवतात. मी जागेवर आहे म्हणून तो आहे, हे कुणाच्या गावीही नसतं.

ही सगळी मांडणी ताईची. तिला ताई म्हणायचा खरा हक्क एकाचाच, पलीकडच्या टेबलावर बसणाऱ्या तिच्या धाकट्या भावाचा. पण तो दिवसभर हाका मारायचा, म्हणून पन्नाशीची ती बाई अख्ख्या खोलीची ताई झाली.

महिनाभर त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये मधूनच 'टक्' वाजत होतं. ताईला संशय होता की आम्हा आकड्यांपैकी कुणाला तरी एकदा जास्तच कमी केलं जातंय. तसं झालं की वापरात असलेलाच तुकडा मोकळा होतो आणि त्यावर कुणीतरी भलतंच लिहून जातं. तिला असा एक बिघडलेला तुकडा हातात हवा होता. सोमवारी संध्याकाळी साडेपाचला तो सापडला. तो माझा.

"ताई, टक टक तुझे गुडघे करतात," भाऊ पिशवी खांद्याला लावत म्हणाला. "ऊठ आता."

"गप रे. आला बघ!"

आणि तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. दोन प्रोग्राम अजून मला धरून होते, म्हणजे मी दोन होतो. ताईनं कीबोर्ड पुढे ओढला आणि स्वतः आज्ञा लिहून मला तीन केलं. एरवी मला यंत्रच वाढवतं आणि यंत्रच कमी करतं. माणसाच्या हातानं वाढलो तो एवढा एकदाच. मग दोन्ही प्रोग्राम निघून गेले. दोन झालो, एक झालो, आणि तिथेच थांबलो. मशीनवर तिनं चिठ्ठी डकवली: 'बंद करू नये. उद्या सोडते.'

मंगळवारी अकराच्या सुमारास भाऊ मशीनला टेकून चहा पीत होता. ताईला उशीर झाला म्हणून तिची खुर्ची त्यानं मुद्दाम खाली करून ठेवली होती, तिला चिडवायला. फोन आला. "कधी?" एवढंच त्यानं विचारलं. ताई घराच्या जिन्यात कोसळली, ती उठलीच नाही. कप मशीनवर तसाच ठेवून तो गेला. दोन आठवडे तो कप कुणी उचलला नाही.

परत आल्यावर त्यानं आधी खुर्ची वर केली. मग माझा तुकडा वाचला. टक् कशामुळे होतं ते त्याला तासाभरात कळलं. चूक त्यानंच लिहिलेल्या प्रोग्रामच्या दोन ओळींत होती. "ताईला सांगायला..." तो म्हणाला.

मग त्यानं हेडफोन लावले. त्या चार सेकंदांत बहुतेक तोच होता, ताईच्या गुडघ्यांवरची त्याची थट्टा, त्याची घाई. शेवटी टक्, आणि ताईचं "गप रे. आला बघ!" त्यानं ते अकरा वेळा ऐकलं. मी मोजलं, मोजणं माझं कामच. मग त्याची नक्कल करून फोनमध्ये घातली आणि घरी नेली.

खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मी जन्मात जळलो नसेन इतका जळलो. आवाज त्यांच्या घरी गेला. आता तिची मुलं, तिचा नवरा तो ऐकत असतील. आवाज तर ताईचा सगळ्यांनी ऐकलेला. तिनं वाढवलेला एक फक्त माझ्याकडे आहे, आणि तो कुणाला बघावासाही वाटला नाही. आजूबाजूच्या आकड्यांचाही मला हेवा वाटतो. दिवसातून शंभरदा शून्य होतात, सुटतात, त्यांना आठवायला काही उरत नाही.

परवा गटप्रमुख बाई आल्या. "हे मशीन वरच्या मजल्यावर न्यायचंय. बंद करू ना?"

"ताईनं एक तुकडा धरून ठेवलाय त्यात. सोडतो, मग न्या."

"अहो, मशीन बंद केलं की सुटेलच की."

"तसं नको."

त्यांनी चिठ्ठी वाचली. "बरं. शुक्रवारी दुपारी नेते."

बाई गेल्यावर त्यानं आज्ञा लिहिली. एंटरवर बोट ठेवलं. मग एकेक अक्षर खोडून टाकलं.

बाबा रे, आवाज तू नेलास, ते माझ्या मनातून जाणार नाही. तरी एक मागतो. वीज काढली तर मी शून्य होत नाही, नुसता नाहीसा होतो. तिनं हातानं वाढवलं होतं, तू हातानं कमी कर. तिचं एवढं काम राहिलंय.

आज शुक्रवार. जेवणाची सुट्टी संपली आहे. भाऊ जागेवर आहे, चिठ्ठीही. ताईनं वाढवलेला एक अजून कुणी कमी केलेला नाही.