तिसावी खुंटी

मित्रांनो, खरे तर मी एका नवरीच्या पलंगाची उशाकडची फळी व्हायची होते. झाले मात्र खुंट्यांची फळी. आता मी जुनी झाले आहे. माझ्या एका कडेला कांद्याचा वास कायमचा बसला आहे आणि दोन खुंट्या किंचित वाकल्या आहेत. तरीही माझे आयुष्य ऐकाल तर तुम्हीही म्हणाल, पलंगात गेली नाही तेच बरे झाले.

माझा जन्म इजिप्तमधल्या दुम्यात शहरात, सुतारांच्या गल्लीत झाला. या गल्लीतली मुले भुश्शातच रांगतात आणि भुश्शातच चालायला शिकतात. मला घडवणारे उस्ता मुतवल्ली. चांगल्या कारागिराला इथे उस्ता म्हणतात. त्यांनी मला रंधा मारून गुळगुळीत केले, कडेला वेलबुट्टी कोरायला घेतली, आणि तेवढ्यात माझ्या पोटातली एक काळी गाठ उघडी पडली. नवरीच्या आईने नाक मुरडले. "गाठीचं लाकूड माझ्या मुलीच्या उशाशी? नको बाई!" झाले, मी भिंतीला टेकून पडून राहिले.

तिथे मला पाहिले हाज्जा इन्शिराह यांनी. हज करून आल्यामुळे सगळे त्यांना हाज्जा म्हणत. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि रमजानच्या महिन्यात गल्लीतली पंगत सांभाळत. सूर्य मावळायच्या सुमारास गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मेजे मांडली जात. हमाल, ट्रकवाले, परगावचे विद्यार्थी, घरी कोणी नसलेले म्हातारे, ज्याला वाटेल त्याने यावे, बसावे आणि रोजा सोडावा. कोणी कोणाला नाव विचारायचे नाही, गाव विचारायचे नाही. आलेला माणूस देवाचा पाहुणा, त्याने फक्त बसायचे.

त्या दिवशी हाज्जा वैतागून आल्या होत्या.

"उस्ता, पहिल्या रोज्याला काकड्या चिरायला इतके लोक आले, की काकड्या कमी आणि सुऱ्या जास्त! आणि काल कामाला कोण? मी आणि मांजर."

"मांजराने तरी मदत केली का?"

"केली ना. एक कोंबडी कमी केली."

उस्ता पोट धरून हसले. मग त्यांनी मला भिंतीपासून ओढून काढले आणि दोन दिवसांत माझ्यावर खुंट्यांच्या तीन ओळी बसवल्या, एकेका ओळीत दहा, म्हणजे रमजानच्या दर दिवसाला एक. उरलेल्या तुकड्यांच्या गोल चकत्या कापल्या आणि तापल्या खिळ्याने त्यांवर एकेकाचे नाव डागले. ज्याला ज्या दिवशी कामाला यायचे, त्याने त्या दिवसाच्या खुंटीवर आपली चकती टांगायची. इतके सोपे.

शेवटच्या खुंटीपाशी उस्ता थांबले. "ही बसवू का? काही वर्षी ईदचा चंद्र आदल्या संध्याकाळीच दिसतो. मग ही उगाच रिकामी राहील."

"बसवा," हाज्जा म्हणाल्या. "रोजा असेल त्या दिवशी पंगत असणारच."

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षे फार मजेची होती. भाकरीच्या भट्टीशेजारच्या भिंतीवर मला टांगले होते, त्यामुळे येता जाता सगळ्यांची नजर माझ्यावर पडे. पहिली ओळ एका दुपारीत भरून जाई. शुक्रवारच्या खुंट्यांवर तर भांडणे होत. मधली ओळ आळशी. आणि तिसऱ्या ओळीच्या वेळी सगळ्यांना एकदम कामे आठवत. ईदनंतर लग्ने असतात, त्यामुळे पुरुष पलंग आणि कपाटे पुरी करण्यात बुडालेले. बायका ईदच्या खजूर भरलेल्या बिस्किटांत, म्हणजे कहकमध्ये, कोपरापर्यंत पिठाळलेल्या. मग हाज्जा काठी घेऊन माझ्याशेजारी उभ्या राहत.

"शलबी, तुझी चकती दिसत नाही ती?"

शलबी लेथवर पलंगाचे पाय कातायचा आणि काम टाळण्यात त्याचा हात कोणी धरत नसे. "हाज्जा, खांदा धरलाय हो माझा."

"खजूर वाटायला खांदा लागत नाही. दोन बोटं आहेत ना?"

शलबी मुकाट्याने चकती टांगी. लोक हसत आणि हसता हसता आणखी दोघेतिघे टांगून जात. मला स्वतःचा फार अभिमान वाटे. मी कोणाला ओरडत नव्हते, कोणाच्या मागे लागत नव्हते. माझी रिकामी खुंटी सगळ्या गल्लीला दिसायची, एवढेच.

एक खुंटी मात्र वर्षानुवर्षे रिकामीच राहिली. शेवटची. तिसाव्या दिवसासाठी नाव देणे म्हणजे ईद लांबावी असे म्हणणे, अशी इथे सगळ्यांची समजूत. कोणी चुकून तिकडे हात नेला तरी मुले ओरडत, "काका, तुम्हाला ईद नकोय का?" पण त्याचे काही अडत नसे. तेव्हा सगळी कुटुंबे कारखान्यांच्या वरच्याच मजल्यांवर राहत. चंद्र दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळे आपोआप खाली उतरत आणि कामाला लागत.

मग दिवस पालटले. उस्ता मुतवल्ली गेले. कुटुंबे गावाबाहेरच्या नव्या घरांत राहायला गेली, गल्लीत फक्त कारखाने आणि गोदामे उरली. पंगतीच्या कामाची आखणी फोनवर होऊ लागली. मला भिंतीवरून काढून दोन पिंपांवर आडवे टाकले आणि माझ्या अंगावर कांद्याची पोती रचली. अंधारात पडल्या पडल्या मी बाहेरची गडबड ऐकत असे. फोनवर सगळे "येतो, येतो" म्हणत आणि फुलांची चित्रे पाठवत. एका शुक्रवारी म्हणे वाढपी इतके झाले की पाहुण्यांना उभे राहावे लागले. आणि पुढच्या सोमवारी आचारी बसयूनीने एकट्याने सगळी पंगत वाढली, आणि वाढता वाढता साऱ्या गल्लीचा उद्धार केला.

हाज्जांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी पंगतीची जबाबदारी आपल्या भाचीवर, रावियावर सोपवली. ती दिवसा औषधाच्या दुकानात काम करी. तिने पहिल्याच दिवशी मला कांद्यांखालून बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले, कोरड्याने पुसले आणि भट्टीशेजारी पुन्हा टांगले. रोज संध्याकाळी ती माझा फोटो काढून सगळ्यांना फोनवर पाठवी. रिकाम्या खुंट्या आता गावाबाहेरच्या घरांतूनही दिसू लागल्या!

हाज्जांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. "मीठ कमी पडलं, चालेल. भात करपला, तरी चालेल. पण रोज्याच्या दिवशी या गल्लीत येऊन कोणी उपाशी परत गेलं, असं आजवर एकदाही झालं नाही. ते तुझ्या हातून होऊ देऊ नकोस."

गल्लीत काही जण कुजबुजले, "गोळ्या मोजून देणारी मुलगी, तिला माणसं कुठली मोजता येणार?" रावियाने ते ऐकले होते. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी तिने माझ्या खुंट्या जरा जास्तच जोरात पुसल्या.

पण तिने महिना छान निभावला. अगदी तिसरी ओळसुद्धा भरली. उरली फक्त शेवटची खुंटी. तिने सगळ्यांना विचारले. शलबी म्हणाला, "शुभ बोल ग बाई! उद्या चंद्र दिसणारच. बघ, माझा गुडघा सांगतोय."

"काका, तुमचा तर खांदा दुखायचा ना?"

"खांदा पावसाचं सांगतो, गुडघा चंद्राचं."

एकोणतिसाव्या संध्याकाळी पंगत उठली. पातेली घासून पालथी घातली, बाक भिंतीला लावले. सगळ्यांनी एकमेकांना ईदच्या शुभेच्छासुद्धा देऊन टाकल्या आणि आपापल्या वाटेने गेले, कोणी नव्या घरी, कोणी गावी, कोणी सासुरवाडीला. थोड्याच वेळात कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानातल्या टीव्हीने सांगितले, चंद्र दिसला नाही, उद्याही रोजा आहे.

राविया धावत माझ्यापाशी आली. माझी शेवटची खुंटी तिच्यासमोर रिकामी होती. तिने फोन लावायला सुरुवात केली.

"अगं, मी पूल ओलांडला!" शलबी ओरडला. "सासूबाईंनी कांदा घालून बदक भरून ठेवलंय!"

"काका, उद्याही रोजा आहे. बदक संध्याकाळपर्यंत कुठे उडून जात नाही."

"बदक नाही ग जात. पण सासूबाई मला जाऊ देत नाहीत!"

बसयूनी तिला बसच्या थांब्यावरच सापडला. तो पिशवी घेऊन कुरकुरत परत आला. "स्वयंपाक मी करीन. पण चिरणार कोण? उचलणार कोण? वाढणार कोण? मला काय आठ हात आहेत?"

दुसऱ्या दिवशी राविया सकाळपासून कांदे चिरत होती. शेजारच्या गल्लीतल्या दोन बायका कहक भट्टीत ठेवून मध्येच येत आणि वास आला की पळत. दुपार कलली तरी निम्मा भाजीपाला तसाच होता. बाक अजून भिंतीला टेकलेले. हाज्जा खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या आणि घड्याळाकडे बघायचे टाळत होत्या. राविया हळूच म्हणाली, "आत्या, नाही जमणार. आज कोणीतरी परत जाणार."

तेवढ्यात दर वर्षी येणारा एक लठ्ठ ट्रकवाला गल्लीत शिरला. आज तो लवकर आला होता.

"बसा ना," राविया डोळे पुसत म्हणाली. कांद्याचेच पाणी होते, असे आपण समजू.

"कुठे बसू? बाक तर उभे आहेत आणि तुम्ही वाकलेल्या." त्याने चूल पाहिली, भाजी पाहिली, आणि बाह्या सरसावल्या.

हाज्जा ताडकन उभ्या राहिल्या. "छे, छे! पाहुण्याने हात लावायचा नसतो. जेवणाच्या बदल्यात काम करून घेतलं असं होईल. ही देवाची पंगत आहे, खाणावळ नाही."

"हाज्जा," ट्रकवाला म्हणाला, "मी दिवसभर बसतो. असवानपासून बसून येतो, अलेक्झांड्रियापर्यंत बसून जातो. किती वर्षं इथे येतोय, आणि तुम्हीही म्हणता, बसा! एक दिवस तरी मला उभं राहू द्या."

बसयूनी चुलीपाशी खो खो हसला. हाज्जा हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीला टेकलेल्या बाकांकडे पाहिले. मग काठीने माझ्याकडे खूण करून म्हणाल्या, "मग तिथे टांग. फळीवर काही टांगल्याशिवाय आमच्याकडे कोणी कामाला लागत नाही."

त्याच्याकडे चकती नव्हती आणि नाव आम्ही विचारत नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या शेवटच्या खुंटीवर टांगली.

मित्रांनो, मग काय सांगू! हमाल आले, त्यांनी टोपी पाहिली आणि आपले दोर टांगले. विद्यार्थ्यांनी दप्तरे टांगली. कोणी गमछा, कोणी किल्ल्यांचा जुडगा. एका खुंटीवर इतके ओझे आले की ती कुरकुरू लागली. पण उस्तांचा सांधा होता, सुटला नाही. गल्लीत एकच गोंधळ उडाला. हमालांनी सगळे बाक एका दमात मांडले, पण उलटे. ट्रकवाल्याने चाखून बघता येत नाही म्हणून अंदाजाने वरणात दुसऱ्यांदा मीठ टाकले, आणि बसयूनी झारा उगारून त्याच्यामागे धावला. "अरे, हे वरण आहे! समुद्र इथून जवळच आहे, तो वेगळा आणायला नको!"

सगळ्यात शेवटी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आले. ते रोज कडेच्या बाकावर गप्प बसून जेवत. त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी खिशातून आपली जपमाळ काढली आणि त्या सगळ्या ढिगावर अलगद अडकवली. राविया गोंधळली. थरथरत्या हातांना काय काम द्यावे? मग तिने त्यांना खजुरांची टोपली दिली आणि गल्लीच्या तोंडाशी उभे केले. त्यांचे हात हलत होते, पण खजूर प्रत्येकाच्या हातात नीट पडत होता. अजान झाली तेव्हा रस्त्यावरून घाईने जाणारा एकही माणूस त्यांनी खजुराशिवाय पुढे जाऊ दिला नाही.

त्या संध्याकाळी कोणी उपाशी परत गेले नाही. वरण खारट होते. सगळ्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले आणि भांडेभर पाणी प्याले.

पंगत उठल्यावर जो तो आपली वस्तू घेऊन गेला. राविया जपमाळ काढून म्हाताऱ्यांना द्यायला गेली. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे तिथेच, बेटा. पुढच्या वर्षीची ही खुंटी मी धरून ठेवली."

"आजोबा, तिसावी? ही कोणी घेत नाही. एक दिवस जास्त कोणाला हवा असतो?"

"मला हवा असतो," ते हसून म्हणाले. "ईद झाली की पंगत संपते. मग मी घरी एकटाच जेवतो."

रावियाने जपमाळ पुन्हा माझ्या खुंटीवर अडकवली. मग त्यांचा हात धरून विचारले, "उद्या ईदच्या दुपारी आमच्याकडे जेवायला याल? पण शेंगा सोलाव्या लागतील हं. आत्या कोणाला फुकट बसू देत नाही."

"मी कधी म्हटलं असं?" हाज्जा खुर्चीवरून ओरडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "दुपारच्या नमाजानंतर या. शेंगांची टोपली मी काढून ठेवते."

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला ओल्यात ठेवू नका, माझ्यावर पोती रचू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, म्हणजे मी अजून पुष्कळ वर्षे टिकेन. आणि तुमच्या गावी, तुमच्या सणाला कामाची माणसे शोधाल, तेव्हा कडेच्या बाकावर गप्प बसलेल्या माणसालाही विचारा. तो किती वर्षे कोणी विचारायची वाट बघत असेल, सांगता येत नाही.