गाळलेली वाक्यं

“तिचा नवरा पावणेसहाला कंपनीच्या बसनं बेटावर कामाला जातो. बस वळेपर्यंत ती खिडकीत उभी असते. प्रेमानं नव्हे. तो मध्येच परत येत नाही ना, याची खात्री करायला.” मिसेस च्यू थांबल्या. “झालं टाइप करून?”

साधनाची बोटं कीबोर्डवर थबकली होती.

“झालं,” ती म्हणाली आणि मग घाईघाईनं टाइप केलं.

खिडकीत उभी राहते, एवढंच ती कधीतरी चहा पिताना बोलली होती. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. ते खुद्द तिनंही स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. आणि आता सिंगापुरातल्या तोआ पायोह वस्तीतल्या या अकराव्या मजल्यावर, भर दुपारी, एक परदेशी म्हातारी ते खणखणीत इंग्रजीत लिहून घ्यायला सांगत होती.

मिसेस च्यू म्हणजे मूळच्या लोइस ड्रेनन. कॅन्ससमधल्या गव्हाच्या गावात जन्मलेल्या. वडील धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायचे. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी पहिली कादंबरी काढली ती पुस्तक म्हणून नव्हेच. एका खोक्यात ऐंशी सुटे कागद. पानांना आकडे नाहीत. वाचणाऱ्यानं पत्त्यांसारखे पिसायचे आणि येतील तसे वाचायचे. दुकानदारांनी तो खोका खरोखरच पत्त्यांच्या फळीवर ठेवला होता, हे सांगताना त्या अजूनही हसत. दुसरी कादंबरी नुसत्या प्रश्नांची होती. तिसरीतला मुख्य माणूस शेवटपर्यंत खोलीत येतच नाही. समीक्षकांनी टर उडवली, वाचकांनी पाठ फिरवली. मोजके लोक मात्र पत्रं लिहीत राहिले. त्यातलंच एक पत्र सिंगापूरच्या एका गणिताच्या प्राध्यापकाचं होतं. लोइसबाईंनी त्यांच्याशी लग्न केलं आणि कॅन्ससला कायमचा रामराम ठोकला. च्यू जाऊन आता चार वर्षं झाली होती. बाईंच्या नजरेत मधोमध काळा डाग पडला होता. कडेचं तेवढं दिसायचं.

साधनाची त्यांच्याशी गाठ पडली ती नोव्हेना भागातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांमुळे. जवळच्याच एका क्लिनिकमध्ये ती चौदा वर्षं डॉक्टरांचं बोलणं ऐकून पत्रं आणि रिपोर्ट टाइप करत होती. मग ते काम कॉम्प्युटर स्वतःच करू लागला आणि तिला निरोप मिळाला. मिसेस च्यूंना यंत्र नको होतं. “ते माझ्या चुका सुधारतं,” त्या म्हणाल्या होत्या. “मला जे ऐकेल तेच लिहिणारं माणूस हवंय.”

त्या संध्याकाळी जेवताना साधनानं निशिकांतला सांगितलं. खिडकीतलं वाक्य सोडून.

“तुझ्यावरच लिहितेय ती,” निशिकांत म्हणाला. तो जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर सेफ्टीचं काम बघायचा. परवानगीचा कागद नसला की त्याला घास गिळवत नसे. “आमच्याकडे पास दाखवल्याशिवाय पाइपला हात लावू देत नाहीत, आणि ही बाई सरळ आपल्या घरात घुसते? तू काही सही केलीयेस का?”

“कसली सही?”

“तेच म्हणतोय. काही बोलत जाऊ नकोस तिच्याशी. गोड बोलून काढून घेतात ही माणसं.”

दुसऱ्या दिवसापासून साधना तोलून मापून बोलू लागली. बाईंनी “कशी आहेस?” विचारलं तरी तिला त्यात काहीतरी काळंबेरं दिसे. त्यांच्या उशाशी ठेवलेल्या रेडिओकडेही ती संशयानं बघू लागली, आत टेप तर चालू नाही ना म्हणून. एकदा बाई बाथरूममध्ये असताना तिनं तो उलटून पाहिला. रेडिओच होता.

पण व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं.

मार्चमध्ये कधीतरी, बाहेर पाऊस कोसळत असताना, बाईंनी विचारलं होतं, “टाइप करताना तुझी मोठी चूक कधी झालीये?” आणि साधना म्हणाली होती, “माझी नाही. माझ्या एका मैत्रिणीची.” मग सगळं सांगितलं होतं. मैत्रिणीनं एका पत्रात उजव्याऐवजी डावा गुडघा लिहिला. पेशंटच्या चांगल्या गुडघ्यात इंजेक्शन गेलं. चौकशी झाली. त्या टेबलावर त्या दिवशी रोझेल नावाची फिलिपिनो मुलगी होती, पण ती जेवायला गेली असताना मैत्रिणीनं तिच्या लॉगिनवर तेवढं एकच पत्र टाइप केलं होतं. कुणी मैत्रिणीला विचारलं नाही. मैत्रीण बोलली नाही. महिन्याभरात रोझेलचा नोकरीचा पास रद्द झाला आणि ती परत गेली.

“मैत्रीण का नाही बोलली?” बाईंनी विचारलं होतं.

“तिचा पीआरचा अर्ज गेलेला होता, इथे कायम राहायच्या परवानगीचा. नवऱ्याचं, मुलीच्या शाळेचं, सगळं त्यावर होतं.”

जूनच्या एका सोमवारी बाईंनी ते सांगायला घेतलं. नावं नव्हती, पण गुडघा होता, जेवणाची सुट्टी होती, अर्ज होता. “‘मैत्रीण’ हा शब्द उच्चारताना तिची खुर्ची दर वेळी करकरली,” बाई म्हणाल्या. “पूर्णविराम.”

साधनाच्या कानांतून वाफा निघाल्या. तिनं कीबोर्ड वाजवला, पण ते वाक्य लिहिलं नाही. पुढचंही नाही. तिसरं लिहिलं, चौथं गाळलं. बाईंना पडदा दिसत नव्हता. दिवसभरात सात वाक्यं गेली. घरी जाताना एमआरटीमध्ये तिला आधी हलकं वाटलं आणि तीन स्टेशनांनंतर ती गाळलेली वाक्यं मनातल्या मनात म्हणू लागली.

“वाचून दाखव,” बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

साधनानं वाचलं. जोडकाम सफाईदार होतं, कुठे ठेच लागत नव्हती. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांची बोटं चादरीवर एकेक करून मिटत होती. साधनाला ती बोटं नंतर स्वप्नात दिसली. बाई मोजत होत्या का? की नुसतीच सवय? त्यांनी तक्रार केली नाही. “पुढचं घे,” म्हणाल्या.

पुढे काही न गाळता तीन आठवडे गेले. मग अमेरिकेहून भाचीचा फोन आला. बाई आंघोळीच्या वेळी दोनदा पडल्या होत्या. भाची त्यांना न्यायला येणार होती, तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. कादंबरी शनिवारपर्यंत छोट्याशा प्रकाशकाकडे जायला हवी होती.

शेवटच्या दुपारी मिसेस च्यूंनी साधनाला कॉम्प्युटर बंद करायला सांगितला.

“या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात एकेचाळीस वाक्यं आहेत,” त्या म्हणाल्या. “च्यूबरोबर मी एकेचाळीस वर्षं काढली. एका प्रकरणात चौतीस आहेत.”

साधनाचा चेहरा उतरला. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला दिसत नाही. मोजता येतं.”

“मग बोलला का नाहीत?” साधनाचा आवाज चढला. “आणि तुम्ही मला विचारलंत का? माझं घर, माझा नवरा, माझी...” ती अडखळली. “चोरी आहे ही!”

“आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “या पुस्तकात माझं काहीच नाही. जे कुणी ना कुणी मला सांगितलं तेवढंच आहे. च्यूची बहीण, मासेवाली, खालचा लॉटरीवाला, तू. साठ वर्षं मी पुस्तकांचे आकार मोडत बसले. माणसांचं नीट ऐकलंच नाही. डोळे गेल्यावर ऐकायला लागले. विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

अशी माफी साधनाला अपेक्षित नव्हती.

“फाइल तूच पाठव,” बाई म्हणाल्या. “चौतीस असतील तर चौतीस. मी कुणालाही सांगणार नाही.”

हा पण डावच, साधनाला वाटलं. भल्या माणसाचा आव आणायचा आणि समोरच्याला लाज वाटायला लावायची. लिफ्टमधून खाली येईपर्यंत तिनं हेच स्वतःला बजावलं. पण म्हातारीला या वयात डाव खेळून मिळणार काय होतं, याचं उत्तर तिला सापडलं नाही.

गुरुवारी विमान गेलं. शनिवारी सकाळी साधना जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. फाइल जोडली, पत्ता घातला. मग फाइल परत उघडली.

सातही वाक्यं तिला पाठ होती. कॉम्प्युटरमधून घालवली होती, पण डोक्यातून एक शब्दही हलला नव्हता. तिनं एकेक जागेवर बसवलं. खुर्ची करकरल्याचं सर्वांत शेवटी.

निशिकांत कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला होता. तो वाचतोय हे तिला कळलं, आणि तिनं झाकण मिटलं नाही.

“ही मैत्रीण कोण गं?” त्यानं विचारलं. “क्लिनिकमधली?”

“मैत्रीण कुणी नव्हती.”

तो कॉफीचा मग टेबलावर ठेवून बाजूच्या खुर्चीवर बसला.

“आपल्या पीआरच्या वेळचं?”

“हो.”

“नऊ वर्षं झाली, साधना.”

“हो.”

“मला सांगायचंस तरी.”

“तू म्हणाला असतास, गप्प बस. आणि मी म्हटलं असतं, निशिकांतनंच सांगितलं. मला ते नको होतं.”

तो नाही म्हणाला नाही. खालच्या मैदानावर मुलांची फुटबॉलची शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. साधनानं सेंडचं बटण दाबलं. फाइल गेली.

मग निशिकांतनं लॅपटॉप हलकेच स्वतःकडे ओढला.

“परत गेली त्या मुलीचं पूर्ण नाव काय होतं?”

साधनानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की आणखी काही, ते तिला कळलं नाही. पण तो थांबला होता, बोटं पुढे करून.

“रोझेल,” ती म्हणाली. “आडनाव डी. ई. एल. मग जागा सोड. आर...”

निशिकांत शोधाच्या चौकटीत दोन बोटांनी सावकाश टाइप करत गेला.