अर्ध्या मिनिटाची शांतता

बाराव्या खेपेला फिल्मवाले आले तेव्हा व्हॉल्वमास्तरांनी त्यांना काही विचारलंच नाही. खुर्ची उचलून खिडकीच्या डाव्या अंगाला ठेवली, पंखा बंद केला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकला आणि बसले.

"इथे उजेड बरा पडतो," ते म्हणाले. "घड्याळाची टिकटिक तुम्हाला चालत नाही, ते माहीत आहे मला. फ्रिज बंद करणार असाल तर जाताना आठवणीने चालू करा. मागच्या लोकांनी दूध नासवलं माझं."

 येताना गाडीत दाढीवाल्या दिग्दर्शकाने कॅमेरावाल्याला आणि साउंडवालीला बजावलं होतं की हे साधे लोक आहेत, कॅमेऱ्याला बुजतील, जरा सांभाळून घ्या. आता तो साधा माणूस त्यालाच सांभाळून घेत होता.

मास्तरांनी तेलाच्या पंपिंग स्टेशनवर बावीस वर्षं व्हॉल्व उघडले आणि बंद केले, म्हणून हे नाव. घर वस्तीच्या टोकाला. मागच्या दारातून दहा पावलांवर पाइपलाइन, तिच्यापलीकडे तेलाच्या विहिरी आणि विहिरींच्या डोक्यावर रात्रंदिवस पेटलेला गॅसचा जाळ. वस्तीची जमीन कंपनीने घेतली, नाल्याचं पाणी काळं झालं, मोबदला कोणाला किती यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली. मग मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या, आणि लाठ्यांच्या मागोमाग फिल्मवाले आले. त्यांना मास्तरांचं घर सापडलं आणि ते त्यांनी सोडलं नाही. एका दिग्दर्शकाने तर तोंडावरच सांगितलं होतं, "रडणारा माणूस दोन मिनिटांत संपतो हो. तुम्ही अर्धा तास पुरता."

अकरा फिल्म झाल्या. अकरांतही मास्तर नाल्यात हात बुडवून काळा तळवा कॅमेऱ्यासमोर धरतात, पाइपलाइनच्या कडेने पाठमोरे चालत जातात आणि शेवटी म्हणतात, "आम्हाला आमची जमीन हवी." पहिल्या फिल्ममध्ये हे वाक्य त्यांच्या पोटातून आलं होतं. नंतर प्रत्येक जण तेच मागू लागला, आणि मास्तरही पानवाल्याने पान लावावं तसं ते देऊ लागले. फिल्मांना बक्षिसं मिळाली. एका पोस्टरवर मास्तरांचा चेहरा अख्खा होता, फक्त कपाळावर मोठी अक्षरं होती. नावाच्या जागी कधी 'स्थानिक रहिवासी', कधी 'पीडित'. एकाने तर 'कार्यकर्ता' करून टाकलं, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी महिनाभर त्यांची फिरकी घेतली. जमीन होती तिथेच राहिली. पाइप मात्र एकाचे तीन झाले, आणि जाळही.

मास्तरांचा या लोकांवर राग नव्हता. भली माणसं होती बिचारी, उन्हातान्हात उभी राहायची, कळवळून ऐकायची. मास्तर थकले होते, इतकंच. एखादी गोष्ट किती वेळा सांगितली की ती आपली राहत नाही, याचा हिशेब कोणी केला असेल तर त्यांना तो बघायचा होता.

"आधी नाल्याचा शॉट घेऊ या, काका?" दिग्दर्शकाने विचारलं.

"घेऊ की. पण या खेपेला माझं एक काम आहे. ते होणार असेल तर हात बुडवतो, नाहीतर नाही."

दिग्दर्शकाचा हात नकळत खिशाकडे गेला. मास्तरांना हसू आलं.

"पैसे नकोत हो. मला आवाज हवाय. बायकोचा."

मास्तरांची बायको जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. छाती भरली आणि मग ती रिकामी झालीच नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिची चार वर्षांची पोर विचारत होती, आजी कशी बोलायची? मुलीने नक्कल करून दाखवली, आणि करता करता तिच्या लक्षात आलं की आपल्याला नीट आठवतच नाही. "बाबा, आईचा आवाज आहे का हो तुमच्याकडे कुठे?" तिने विचारलं. मास्तरांनी फोन धुंडाळला. फोटो होते, तेही ती हात आडवा धरतेय असे. मुलीला हे पटेना. "एवढे कॅमेरे आले आपल्या घरात, एवढे माइक आले, आणि आईचा एक शब्द नाही?"

 मास्तरांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवलेल्या सगळ्या फिल्म काढल्या आणि आठवडाभर आपलं स्वतःचं तोंड बघत बसले. त्या अकरा फिल्ममध्ये बायको एकदा दिसली, अर्धी, दाराच्या चौकटीत, दोरीवरचे कपडे काढताना. बोलली कुठेच नाही.

"ती लाजाळू होती," मास्तर आता दिग्दर्शकाला म्हणाले. अकरा दिग्दर्शकांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. "तुम्ही लोक आलात की मागच्या पायरीवर जाऊन बसायची. गाडी गेल्याचं कळलं की आत यायची."

लाजाळू हा शब्द वस्तीत कोणी ऐकला असता तर हसून हसून मेला असता. पाण्याचा टँकर अर्धाच भरून आणला म्हणून हिने ड्रायव्हरला असं फैलावर घेतलं होतं की त्याने गाडी आल्या पावली वळवून पुन्हा भरून आणली होती. पण ते टँकरचं झालं. मास्तरांच्या डोक्यात कॅमेऱ्यापुढची बायको वेगळी होती आणि ती लाजाळू होती.

"मग आवाज मिळायचा कुठून?" दिग्दर्शक म्हणाला.

मास्तर साउंडवालीकडे वळले. चाळिशीची असेल. कानांवर हेडफोन, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला केसाळ बोळ्यातला माइक. आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती, नुसती ऐकत होती. तेच तिचं काम.

"ताई, मुलाखत संपली की तुम्ही लोक अर्धं मिनिट सगळ्यांना गप्प उभं करता ना? खोलीची शांतता घ्यायला?"

"हो काका." प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. पुढे मुलाखत कापून जोडताना मधल्या फटींमध्ये तीच भरावी लागते. नाहीतर ऐकणाऱ्याला ठेच लागते.

"पहिल्या फिल्मच्या वेळी ती शांतता दोनदा घ्यावी लागली. पहिल्यांदा ही मध्येच काहीतरी बोलली. काय ते आठवत नाही मला, पण बोलली. तिला काय ठाऊक, तुमचं गप्प बसायचं काम चाललंय ते. तेवढं वाया गेलेलं अर्धं मिनिट मला शोधून द्या."

"एकोणीस वर्षांपूर्वीचं?" दिग्दर्शक म्हणाला. "काका, असलं कोणी जपून ठेवत नाही."

साउंडवालीने हेडफोन मानेवर उतरवले. "त्या फिल्मचा आवाज आमच्या सरांनी घेतला होता," ती म्हणाली. "मी त्यांच्याच हाताखाली शिकले. सरांनी आयुष्यात काही फेकलेलं नाही. घरात झोपायला जागा नाही, पण टेप सगळ्या आहेत. मी विचारते."

मास्तर उठले आणि नाल्याकडे चालू लागले. "उजवा हात की डावा?" त्यांनी जाता जाता विचारलं. "मागच्यांनी डावा घेतला होता."

पहिले दोन दिवस नाला झाला, पाइपलाइन झाली, जाळाकडे टक लावून बघणं झालं. संध्याकाळी मास्तर रॉकेलने हात चोळून चोळून धूत. दिग्दर्शक म्हणाला, "तेवढं धुतानाही घेऊ का?" मास्तर म्हणाले, "घ्या. आठव्या फिल्मवाल्यांनी घेतलंय, पण घ्या." रोज सकाळी ते साउंडवालीकडे बघत आणि ती मान हलवी. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. मुलीला त्यांनी अजून काही कळवलं नव्हतं. मिळालं नाही तर पोरीची पुन्हा निराशा नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी साउंडवाली एकटीच आत आली. हातात लॅपटॉप होता.

"सरांना सापडलं," ती म्हणाली. "डबीवर लिहिलंय, 'व्हॉल्वमास्तर, शांतता, बिघडलेली'. मी ऐकलंय काका." तिने हेडफोन पुढे केले.

मास्तरांनी ते कानाला लावले.  आधी कोणाचा तरी आवाज आला, "खोलीची शांतता, अर्धं मिनिट." मग ती खोली. हीच खोली. जाळाची घरघर होती, पण बारीक, लांबची. तेव्हा एकच जाळ होता. एक खुर्ची करकरली. मग आतल्या बाजूने पावलं आली, झपाझप, आणि त्यांची बायको म्हणाली,

"मला विचाराल तर..."

लाजणं तिच्या स्वरात औषधालाही नव्हतं. टँकरवाल्यापुढे उभी राहायची तशी ती बोलली होती, मनाशी सगळं ठरवून. तोंडात पुढचा शब्द आला होता, त्याचा पहिला श्वाससुद्धा ऐकू आला. आणि त्याच्या वर, अगदी माइकजवळून, एक पुरुषी आवाज आला.

"शू! अगं, तुला विचारलंय का कोणी? गप्प बस!"

दोघंतिघं हसली. पावलं परत गेली, या वेळी सावकाश. मागचं दार वाजलं. मग सर म्हणाले, "हरकत नाही, पुन्हा घेऊ."

तो पुरुषी आवाज अकरा फिल्ममध्ये ऐकलेला होता. ओळखायला क्षणभरही लागला नाही.

 मास्तर म्हणाले, "पुन्हा लावा." तिने लावलं. पाच वेळा लावलं. पाचव्यांदा त्यांनी विचारलं, "मधला तो आवाज काढता येतो का? खाली ती पुढे बोलत असेल. दोन शब्द तरी बोललीच असेल."

"एकाच माइकवर दोघं आहात, काका. तुमचा काढायला गेले तर त्यांचाही जातो. मी काल पुष्कळ खटपट केली." तिने पडद्यावर एका जागी बोट ठेवलं. "पण सुरुवातीचे तीन शब्द स्वच्छ आहेत. तेवढेच कापून देते. मुलीला तेवढेच पाठवा. पुढचं तिला कळायचं कारण नाही."

मास्तरांना मोह झाला. खोटं कशाला बोला, फार झाला. नातीला तीन शब्दांची आजी पुरली असती. मुलीच्या मनातला बापही शाबूत राहिला असता. त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. त्या पायरीवर ती पुढची सगळी वर्षं बसली, दर फिल्मच्या वेळी, गाडी जाईपर्यंत. आणि हे आत पाहुण्यांना सांगत राहिले की ती लाजाळू आहे. तिने एकदाही हे खोडून काढलं नाही. आणि खोडणार तरी कोणापुढे, तिला बोलू दिलं होतं कोणी?

"कापू नका," ते म्हणाले. "या घरातलं सगळं आजवर कापूनच दाखवलंय लोकांनी. हे आहे तसं जाऊ दे."

त्यांच्या फोनवरून तिनेच ते मुलीला पाठवलं. पोचल्याची खूण आली. थोड्या वेळाने ऐकल्याचीही आली. फोन मात्र वाजला नाही. मास्तर त्याच्याकडे बघत बसले, मग त्यांनी तो उपडा करून ठेवला.

दिग्दर्शकाने बाहेरून आवाज दिला. मुलाखतीचा शेवटचा भाग राहिला होता आणि उजेड उतरत चालला होता. मास्तरांनी घड्याळातला सेल काढला, खुर्ची खिडकीपाशी सरकवली. दिग्दर्शकाने शेवटचा प्रश्न विचारला, तुम्हाला काय हवंय? मास्तरांनी शब्द दिला होता. ते म्हणाले, "आम्हाला आमची जमीन हवी." चांगलं म्हणाले. दिग्दर्शक खूश झाला.

"खोलीची शांतता," साउंडवाली म्हणाली. "अर्धं मिनिट. कोणी हलू नका."

सगळे जागच्या जागी उभे राहिले. कॅमेरावाल्याने श्वाससुद्धा बेताने घेतला. तीन जाळांची घरघर खोलीभर पसरली. हा नियम त्या खोलीत मास्तरांइतका कोणाला पाठ नव्हता. बाराव्यांदा पाळत होते ते. दहा सेकंद गेले, पंधरा गेले. मग त्यांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली, मागच्या दाराकडे, आणि अगदी हळू म्हणाले,

"हं. बोल आता."

दिग्दर्शकाने चमकून साउंडवालीकडे पाहिलं. टेक बिघडला होता, पुन्हा घ्यायला हवा होता. तिने डोळ्यांनीच त्याला दटावलं, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि उरलेली शांतता पूर्ण होऊ दिली.