तलावापलीकडचा भोंगा

"भोंगा जोडल्याबिगर मशीन पेटवू नको वं. एखांद्या दिवशी पोथी राहिली तरी चालते, पण रिकामी मशीन पेटवू नको."

नवऱ्याला, पुंडलिकरावांना, जाऊन सहा वर्षं झाली, तरी सत्यभामाबाईंचा हात मशीनच्या बटणाकडे गेला की हे बोल आधी कानात पडत. मशीन म्हणजे त्यांचा वॉल्वचा जुना अँप्लिफायर. लोखंडी पेटी, पुढे दोन गोल बटणं आणि आत काचेचे वॉल्व, जे तापले की देवापुढच्या निरांजनासारखे उजळत. सानगडीतल्या कितीतरी लग्नांत ती वाजली होती. आता तिला एकच काम उरलं होतं. सकाळी तुळशीला पाणी घालून सत्यभामाबाई मशीन पेटवत, माइकपुढे पोथीचा एक अध्याय वाचत, आणि त्यांचा हळू आवाज तारेवरून तलावाच्या पाळीनं, म्हणजे बांधावरून, पलीकडच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यात जाई. तिथं कडुनिंबावर भोंगा होता. त्याच कडुनिंबाखालच्या घरात मालनबाई अर्धांगवायूनं तीन वर्षं खाटेवर पडून होती, आणि तो अध्याय म्हणजे तिचा दिवस उजाडणं होतं.

बावीस दिवसांपूर्वी, पहाटेच, मालनबाईचा नवरा मनिराम गेल्याची बातमी आली. मनिराम रात्री जाळं टाकून आला, भात जेवला, झोपला तो उठलाच नाही. ज्या घरात मयत त्या घरावर भोंगा कसा वाजवायचा? आणि नेम तरी कसा मोडायचा? सहा वर्षांत एकही अध्याय चुकला नव्हता. सत्यभामाबाईंनी आपल्या बुद्धीनं मधली वाट काढली. मशीनच्या मागची भोंग्याची तार सोडून ठेवली, मशीन पेटवली आणि माइकपुढे बसून रोजच्यासारखं वाचलं. नेमही टिकला, दुःखाच्या दारात आवाजही गेला नाही.

वाचता वाचता त्यांना ऐकू आलं की मशीन आतल्या आत बारीक आवाजात त्यांचेच शब्द म्हणते आहे. भोंगा नाही, काही नाही, लोखंडाच्या पोटातून पोथी. त्यांना वाटलं, देवानं आपली मधली वाट मानून घेतली. त्यांनी हात जोडले. तेवढ्यात ते बारीक बोलणं तुटलं, करपट वास आला आणि वॉल्व लाल होऊन विझले. रोज आधी कानात पडणारे पुंडलिकरावांचे बोल त्या दिवशी असे उशिरा आठवले.

दुपारी त्या मालनबाईकडे बसायला गेल्या. मालनबाईनं चांगल्या हातानं त्यांचं मनगट धरलं. "बाई, आता माझ्यापाशी बसून बोलणारं कोणी नाही उरलं. तुमची पोथी बंद नका पडू देऊ." सत्यभामाबाईंनी शब्द दिला, एकही अध्याय तुला चुकणार नाही. शब्द देताना नाकात तो करपट वास तसाच होता.

तेरवीपर्यंत भोंगा गप्प राहिला याचं कोणाला काही वाटलं नाही, सुतकच होतं. त्यानंतर पुतण्या खेमराजनं मशीन उघडून पाहिली आणि उंदरांनी तार कुरतडली असणार म्हणून निकाल दिला. सत्यभामाबाई काही बोलल्या नाहीत. खोटं बोलायचं नाही हाही त्यांचा एक नेम होता. आपण बोललोच नाही तर खोटं कसलं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं, पण त्या दिवसापासून घास गोड लागेना. घरात बसून त्या मनातल्या मनात अध्याय वाचत होत्या. पाळीवरून पलीकडे मात्र एकदाही गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर मालनबाईनं विचारलं असतं.

खेमराज म्हणाला, काकू, नवीन सेट घेऊन देतो, मोबाइलवरूनही वाजतो. त्या नको म्हणाल्या. मशीन पेटताना आधी भोंग्यातून घुंई असा आवाज येतो, आणि तो आला की मालनबाई सुनेला उठवून बसवायला सांगते, हे त्यांना माहीत होतं.

शेवटी मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन त्या खेमराजच्या मोटारसायकलवर साकोलीला निघाल्या. आनंदराव पुंडलिकरावांचे जुने दोस्त. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं मोटार भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नव्या तारा गुंडाळून द्यायचं दुकान, पण वॉल्वच्या मशीनचं जाणणारा आजूबाजूला तेवढा एकच माणूस राहिला होता. त्यांनी पेटी उघडली, मीटर लावलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, वॉल्व ठीक आहेत. आउटपुट गेला."

आउटपुट म्हणजे मशीनचा आवाज भोंग्याला देणारा शेवटचा ट्रान्सफॉर्मर, त्यांनी समजावून सांगितलं. कशानं गेला, हे त्यांनी विचारलं तेव्हा खेमराजनं उंदीर पुढे केले. आनंदरावांनी नुसतं हूं केलं. सत्यभामाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

माळ्यावरून तीन ट्रान्सफॉर्मर खाली आले. पहिला एका रेडिओतला, मुठीएवढा. तो या दोन वॉल्वचा भार पेलणार नाही म्हणून आनंदरावांनी तो लगेच बाजूला केला. दुसरा नवाकोरा, नागपूरहून मागवलेला, चकचकीत. त्यांनी तो तात्पुरता जोडून दुकानातली स्पीकरची पेटी वाजवली, तर फळीवरचे चहाचे ग्लास थरथरले. खेमराज खूश झाला. रस्त्यावरचे दोघं दारात येऊन उभे राहिले. तिसरा तेलकट कागदात बांधलेला, गंजलेला, दुसऱ्या कोण्या जुन्या मशीनमधून काढलेला. त्याच्या मागे तारांची टोकं जास्त होती. तो वाजला, पण साधाच. ग्लास हलले नाहीत.

"काकू, दुसराच घे," खेमराज म्हणाला. आनंदरावांनीही त्या गंजलेल्या तिसऱ्याकडे पाहून नकाराची मान हलवली आणि नव्यासाठी डाग द्यायचं, सोल्डरिंगचं पेन तापत ठेवलं.

सत्यभामाबाईंना यातलं काही कळत नव्हतं. आवाज कुठं जायला पाहिजे तेवढं कळत होतं.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "हा आवाज तलावापलीकडे जाईन का?"

"म्हणजे? भोंगा घरावर नाही?"

"नाही जी. पाळीवरून तार गेली. पलीकडे कडुनिंबावर आहे. भोंग्याखाली एक डबी आहे, ती यांनीच बसवली होती."

आनंदरावांनी तापलेलं पेन पुन्हा खाली ठेवलं. "आता बोलल्या तुम्ही. मी तर चुकीचाच लावून देत होतो."

मग त्यांनी खेमराजला सांगितलं ते धानाच्या भाषेत. पाट लांब असला तर पाणी धानाच्या वाफ्यात, बांधीत, पोचायच्या आधी वाटेतच मुरते. त्याला वरून जोर देऊन सोडावं लागते, आणि बांधीपाशी तो जोर उतरवून घ्यावा लागते. तारेचंही तसंच. लांब जायचं तर आवाज चढवून सोडायचा, आणि भोंग्याखालच्या डबीत तो उतरतो. नव्या ट्रान्सफॉर्मरला तसं चढवून सोडायचं टोकच नव्हतं, तो जवळच्या पेटीपुरता. गंजलेल्याला होतं. त्यांनी एका बाजूनं थोडी वीज देऊन दुसऱ्या बाजूनं किती निघते ते मोजलं, कागदावर भागाकार केला, दोन्ही वॉल्वच्या बाजू सारख्या आहेत हे पाहिलं.

"जमते," ते म्हणाले. "वॉल्वशीही जमते आणि तलावाशीही."

कोणती तार कुठं हे पाहायला त्यांनी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचं झाकण काढलं. आतला कागद काळा पडून दुमडला होता. आनंदरावांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. "खेमराज, हे उंदराचं काम नाही, बाबू. आवाजाले बाहेर जायला वाट नाही भेटली की तो आतच जाळते."

सत्यभामाबाईंनी डोळे मिटले.

"उंदीर नाही, भाऊजी. मीच जाळली. भोंगा सोडून पेटवली, नेम मोडू नये म्हणून. यांनी हजारदा सांगून ठेवलं होतं, तरी."

आनंदराव हसू लागले. आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनी त्या काळ्या कागदाची आतली घडी उलटून सत्यभामाबाईंपुढे धरली. शाईत तारीख होती, पस्तीस वर्षांपूर्वीची, आणि अक्षर आनंदरावांचं.

"हा आउटपुट मीच बसवला होता. मशीनसंगं आलेला पहिला तुमच्या मालकानं जाळला."

"यांनी?"

"असाच. मशीन घरी आली त्या दिवशी तुमची रंजू पाळण्यात झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून भोंगा सोडला, आणि वॉल्व कसे लाल होतात ते पाहत बसला. दुसऱ्या दिवशी रडकं तोंड घेऊन इथं. तुम्हाले सांगायचं नाही म्हणून मले शपथ घालून गेला." त्यांनी चष्मा खाली ओढला. "आज मोडून राहिलो. तो माफ करन."

सत्यभामाबाईंनी तोंडाला पदर लावला. आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग दोन्ही एकदमच. इतकी वर्षं जे त्या आज्ञा म्हणून ऐकत आल्या, ती एका पोळलेल्या माणसाची गोष्ट होती. बावीस दिवस छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी सहज उचलून बाजूला ठेवला होता. आनंदरावांनी मागवलेला चहा त्यांना कितीतरी दिवसांनी गोड लागला. खेमराज परतताना वाटेत एवढंच म्हणाला, "काकू, उंदरांवर उगाच आळ घेतला ना आपण." आणि त्या मोटारसायकलवर पुन्हा हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालून त्यांनी आधी भोंग्याची तार जोडली. दोनदा ओढून पाहिली. मग बटण फिरवलं. वॉल्व उजळले, आणि तलावापलीकडून, धुक्यातून, घुंई असा आवाज आला. त्या थोडा वेळ थांबल्या. पलीकडे कोणी कोणाला उठवून बसवत असेल, तेवढा. मग अध्याय वाचला. त्यांचाच आवाज पाण्यावरून परत त्यांच्या ओसरीत येत होता, जरा मागून, जरा दमून, पण पूर्ण.

आरती झाली, मशीन विझवली. खेमराज म्हणाला, झालं ना काकू, आता निवांत बसा. त्यांनी मान हलवली, पण बसल्या नाहीत. आजचा अध्याय पोचला होता. मागचे बावीस मालनबाईला ऐकवायचे राहिले होते, आणि एकही चुकणार नाही असं त्या बोलल्या होत्या. शिवाय उंदरांची खरी गोष्टही मालनबाईला सांगायची होती.

त्यांनी पोथी लाल फडक्यात बांधली, गुडघ्यासाठी काठी घेतली, दार ओढून घेतलं आणि दव पडलेल्या पाळीवरून हळूहळू पलीकडे चालू लागल्या.