गालाखालचा गाल

आज सकाळी दाढी करताना माझा उजवा गाल उतरला. केसांबरोबर, फेसासकट, सगळा गालच रेझरवर आला. मी रेझर सवयीनं नळाखाली धरला आणि तो गाल मोरीतून वाहूनही गेला. रक्ताचा टिपूस नाही. खाली दुसरा गाल होता, पहिल्यापेक्षा बोटभर आत. आता बोला! मिसरूड फुटल्यापासून दाढी करतोय, असलं कधी झालं नव्हतं.

दोष सगळा विलासचा. विलास म्हणजे माझा मेहुणा, शालनचा धाकटा भाऊ. मिरजेत आमच्याच खालच्या मजल्यावर राहतो. त्याला दाढीचा नाद आहे. लोक नाणी जमवतात, हा ब्लेडं जमवतो. जपानी ब्लेड, तुर्की ब्लेड, रानडुकराच्या केसांचा ब्रश, लाकडी वाटीतला चंदनाचा साबण. "दाजी, त्या प्लास्टिकच्या रेझरनं तुम्ही तोंड खरवडता, त्याला दाढी म्हणत नाहीत," असं मला येताजाता ऐकवायचा. मी एरवी त्याला दारात उभा केला नसता.

पण शालनचं तसं नाही. शालन माझी बायको. साखरेच्या दुखण्यानं तिची नजर नेली. रोज सकाळी ती दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवते, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मगच चहाला आधण ठेवते. घरात दुसरं कोण असणार म्हणा! पण हात फिरवून खात्री झाल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नाही, आणि खरं सांगतो, माझाही होत नाही. परवा ती म्हणाली, "टोचतंय हो. जरा नीट करत जा दाढी." मग मी गपगुमान विलासकडून पितळी रेझर आणि ब्लेडची पुडी घेऊन आलो.

पहिला हात सुलटा मारायचा, केसांच्या कलानं. मग पुन्हा साबण लावून दुसरा हात उलटा. इथं शहाणा माणूस तोंड धुतो. मी बोटं फिरवून पाहिली तर जबड्यापाशी एक खुंट लागला. म्हटलं, एकच हात अजून. त्या एका हातानं गाल गेला.

उजवा आत गेला म्हणून मी डावा सारखा करायला घेतला. तो उजव्याहून जास्त आत गेला. मग पुन्हा उजवा. मग मधलं नाक वर राहिलं म्हणून नाक. दोन बोक्यांच्या लोण्याची वाटणी माकडानं करावी तसं चाललं होतं माझं, आणि थांबवत नव्हतं. प्रत्येक थराखाली मला वाटायचं, आता माझं तोंड लागेल. लागत नव्हतं.

आग व्हायला लागली तेव्हा तुरटीचा खडा भिजवून फिरवला. तुरटीनं कातडी आकसते. माझी कातडी उरली नव्हती, म्हणून न्हाणीघर आकसलं. आरसा पुढे सरकला, बादली नडगीला टेकली, दाराची चौकट दोन्ही खांद्यांना लागली. मी घाबरलो, आणि घाबरलो की मला संताप येतो.

"विल्या!" मी खिडकीतून ओरडलो. "वर ये आधी!"

विलास आला. चौकटीबाहेर उभा राहून त्यानं मला नीट पाहिलं.

"कुठलं ब्लेड?"

"जपानी."

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे, डोंबल! नाक कुठंय माझं?"

"आहे की. जरा आत आहे. आग होतेय का?"

"होतेय."

"मग तुरटी लावायची, दाजी. हयगय करायची नाही."

"अरे, लावू नको! लावली की घर—"

पण त्यानं खडा उचलून माझ्यावरून फिरवलासुद्धा. बाहेरचा पॅसेज गेला. पलंगाची खोली गेली. विलासला उभं राहायला जागा उरली नाही, तो पायरी पायरीनं जिन्यात ढकलला गेला. "वरून लोशन विसरू नका," एवढं त्याचं खालून ऐकू आलं.

आता स्वयंपाकघर न्हाणीघराला येऊन चिकटलं होतं. शालन ओट्याशी उभी होती, माझ्यापासून हातभर अंतरावर.

"झाली का हो दाढी?"

"झाली." माझा आवाज हंड्यातून आल्यासारखा आला.

"मग या इकडे."

"शालन, आज राहू दे."

"राहू दे काय? मला पाहू दे तरी, टोचतंय का ते."

मला पळायचं होतं, पण पाठीला भिंत होती आणि पोटाला शालन. देवा, म्हटलं, एवढं ओळखू दे तिला. पुन्हा जन्मात रेझर हातात धरणार नाही. इतका मी तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनलाही घाबरलो नव्हतो.

तिनं हात पुढे केले. गाल असायला हवा तिथं ते थांबले. तिथं काही नव्हतं. हात आणखी पुढे गेले, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तिच्या बांगड्या माझ्या कानाच्या आतल्या बाजूला वाजल्या. मला काहीही दुखलं नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"कोण हो तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी! अगं मी, शालन!"

"तुम्ही नव्हे. जरा मधून बाजूला व्हा." आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. तिचे हात आत खोल कशावरून तरी फिरत होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "अगंबाई! तुम्ही इथं होय? एवढं आत येऊन कशाला बसायचं?"

आतून कुणीतरी खाकरलं. ते माझंच खाकरणं होतं.

"ये," तो म्हणाला. "इथं जागा ऐसपैस आहे."

"शालन, जाऊ नको! तो मी नाही गं, मी इथं आहे!"

तिनं पदर खोचला, माझ्या जबड्याच्या कडेवर हात टेकला, पाय उचलला आणि खाली वाकून आत गेली. मला तिचं वजनसुद्धा लागलं नाही. गॅसवरचं दूध फसफसून खाली सांडलं. बंद करायला माझे हात तिथवर पोचत होते, पण मी हललो नाही.

"बाहेर कुणी होतं काय गं?" त्यानं आतून विचारलं.

"होता कुणीतरी," शालन म्हणाली. "दार उघडं टाकून उभा राहिलाय मेला."

मी ओरडायला तोंड उघडायला गेलो. ते सताड उघडंच होतं, आणि शालननं ते आतून लोटून घेतलं.